मदत हवी आहे: ओल्ड सान हुआनमध्ये (पोर्टो रिको) सासूसासऱ्यांना घेऊन कुठलं हॉटेल?

मंडळी, जरा घाईत लिहितेय. जानेवारीत एमएलकेच्या (मार्टिन लूथर किंग दिनाच्या) लाँग वीकेंडला न्यू जर्सीतल्या एडिसनहून पोर्टो रिकोला जायचं चाललंय. नवऱ्याच्या पासपोर्टवरचा एच१बी स्टॅम्प संपलाय त्यामुळे बहामा वगैरे बाद, पोर्टो रिको अमेरिकेतच धरतात म्हणून स्टॅम्पिंगची भानगड नाही आणि नुअर्कहून डायरेक्ट चारेक तासांत पोचतो. सोबत सासूबाई-सासरे (व्हिजिटर व्हिसावर आलेत) आणि सहा वर्षांचं कार्टं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने नकोतच. सासरे मात्र यूट्यूबवर एल मोरो किल्ला बघून बसलेत, रोज जेवताना विजयदुर्ग श्रेष्ठ की हा, यावर चर्चा!

राहायचं जुन्या गावातच अशी माझी फार इच्छा आहे. पाहिलेली हॉटेलं अशी. एल कॉन्वेंटो, म्हणजे १६५१ सालचा ननांचा मठ, १९६२ पासून हॉटेल, समोरच कॅथेड्रल. मधला चौक आणि भोवतीच्या कमानी बघून जीव जडला, मग रेट बघितला. दुसरं क्रूझच्या धक्क्यासमोरचं हॉटेल रुंबाओ (आधीचं शेरेटन), सोयीचं असणार पण एवढं लांब जाऊन चेन हॉटेलातच राहायचं तर मग काय. तिसरं सोल स्ट्रीटवरचं एक छोटं गेस्टहाऊस, लाकडी बाल्कनी, उंच छत, स्वस्त, साइटवर 'हिस्टॉरिक चार्म' चार वेळा लिहिलंय आणि लिफ्टबद्दल अवाक्षर नाही. नवरा म्हणतो हे सगळं सोड, कोंडाडोला बीचवर राहू आणि दिवसा टॅक्सीने गावात जाऊ.

कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन राहिलंय का तिथे? रात्री झोप लागते का? आणि शाकाहारी जेवणाचं काय?

भटक्या_विमुक्त: आधी तारखा बघा! जानेवारीच्या तिसऱ्या वीकेंडच्या आसपास तिथे सान सेबास्तियानची जत्रा असते, गुरुवार ते रविवार. ती कधी एमएलकेच्याच वीकेंडला येते, कधी पुढच्या. जुळली तर गल्ल्यांत मुंगी शिरणार नाही, गाड्या बंद, रेट दुप्पट-तिप्पट, ढोल पहाटेपर्यंत. तरुण असाल तर जरूर जा, सासूबाईंना घेऊन नको.

आता हॉटेल. तिथे हॉटेलपेक्षा गल्ली कुठली ते महत्त्वाचं. बंदराकडून वर चढत गेलात की फोर्तालेझा, सान फ्रान्सिस्को, लुना, सोल आणि मग सान सेबास्तियान, अशा ओळीने आडव्या गल्ल्या आहेत आणि प्रत्येक गल्लीला थोडा थोडा चढ वाढतो. रस्त्यावर लोखंडाच्या भट्टीत उरलेल्या धातुमळीच्या निळसर विटा बसवल्यात, दिसायला सुंदर, पाऊस पडला की पाय घसरतो. म्हणजे तुमचं सोलवरचं घर वरच्या टोकाला, रोज खाली जेवायला उतरलं की परत चढायचं. शिवाय जुन्या घरांत बऱ्याच खोल्यांना खिडकी आतल्या चौकात उघडते किंवा नसतेच, आणि रस्त्याकडची बाल्कनी घेतली तर शुक्रवार-शनिवारी खालच्या बारचा आवाज उशाशी. बुक करायच्या आधी त्यांना सरळ ईमेल करा: लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, खिडकी कुठे उघडते, आणि लाइट गेली तर जनरेटर आहे का. तिथे लाइट जाते, आपल्या गावी जाते तशीच.

रुंबाओला नाक मुरडू नका, तिथून धक्क्यावर सपाट चालता येतं. मी असतो तर तेच घेतलं असतं, आणि एल कॉन्वेंटोत एकदा नुसतं जेवायला गेलो असतो. कोंडाडो वाईट नाही, पण संध्याकाळी क्रूझवाले परत गेले की गाव जे निवांत होतं ते हुकेल. बीच हवाच असेल तर एस्कांब्रोन जवळ आहे.

एल मोरोला गेटपासून किल्ल्यापर्यंत मोठं मोकळं मैदान आहे, सावली शून्य, गाडी जात नाही. सकाळी लवकर जा. पोराला पतंग घेऊन द्या, तिथे सगळे तेच करतात. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो चालतो.

मेथीचे_लाडू: शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय काही खाऊ नका. मोफोंगो हा तिथला पदार्थ कच्च्या केळ्याचा असला तरी त्यात डुकराच्या चामडीचे कुरकुरीत तुकडे घालतात, राजमा-भातातही हॅम असू शकतं. तळलेली पिकी केळी आणि अव्होकाडो यावर निभतं. थेपले न्या. येताना विमानतळावर बॅगा शेतीखातं तपासतं, आंबे-बिंबे आणू नका. आणि हो, फ्लाइट डायरेक्टच घ्या, मधे सांतो डोमिंगो वगैरे नको, नाहीतर देशाबाहेर गेल्यासारखं होईल आणि स्टॅम्प लागेल. सगळ्यांचे पासपोर्ट, आय९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) आणि नवऱ्याचं आय७९७ (एच१बी मंजुरीचं पत्र) जवळ ठेवा.

धागाकर्ती: बाप रे, जत्रेचं माहीतच नव्हतं, बघितलं तर बरोब्बर आमच्याच तारखा! आता फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेला ढकलतोय. सोलवाल्यांना मेल टाकला, उत्तर आलं, "ओन्ली थर्टी-टू स्टेप्स". रुंबाओमध्ये बंदराकडची खोली घ्यावी की गावाकडची, कोणी सांगेल का? पहाटे क्रूझचे भोंगे वाजतात का तिथे?