तांबड्या पेशीचा ‘पांढरा’ आजार, आणि ‘नियमन’ की ‘नियंत्रण’?

भाची बायोटेकला आहे, तिचा सेमिनारचा विषय निरोगी आणि ल्युकेमिक (रक्ताचा कॅन्सर झालेल्या) तांबड्या पेशींमधल्या सायटोकाइन (पेशींना निरोप देणारी प्रोटीनं) सिग्नलिंगचं जीन रेग्युलेशन. फोंड्याला वाड्यावरच्या वाचनालयात भित्तिपत्रक लावतो आम्ही, त्यासाठी एक पान मराठीत दे म्हटलं तर ते काम माझ्याच गळ्यात आलं. मी ल्युकेमियाला लिहिलं ‘तांबड्या पेशींचं श्वेतकोशिकार्बुद’, म्हणजे तांबड्या पेशींचा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि स्वतःच हसत बसलो. शिवाय रेग्युलेशनला नियंत्रण लिहू की नियमन? सिग्नलिंगला काय?

तांबडीमाती: हसायला तुम्ही एकटे नाही, ग्रीकमध्येपण तोच घोळ आहे. ल्युकोस म्हणजे पांढरं, हायमा म्हणजे रक्त, हे नाव फिरखो या जर्मन डॉक्टरने १८४७ साली दिलं. पुढे तांबड्या पेशींच्या घराण्यातपण हा आजार दिसला तेव्हा नावाच्या आधी ‘एरिथ्रो’ (तांबडं) चिकटवलं, म्हणजे झालं तांबडं-पांढरं-रक्त. ल्युकेमिया तसाच ठेवा, गावात सगळ्यांना कळतो.

निवृत्त मास्तर: आधी ‘तांबड्या पेशी’ दुरुस्त करा हो. रक्तात फिरणाऱ्या तयार तांबड्या पेशीत जीन्स असतात ते केंद्रकच नसतं, मग जीन चालू-बंद कसली? हा सगळा खेळ हाडांतल्या मज्जेत, पेशी घडत असताना. ‘घडणाऱ्या तांबड्या पेशी’ म्हणा. सिग्नलिंगला पुस्तकात संकेतन आहे, पण संकेत म्हटलं की मला डोळा मारणंच आठवतं. आपला ‘सांगावा’ काय वाईट?

बायोवाली (पेडणे): मास्तर, सांगावा एकदम फिट्ट. मूत्रपिंडाला ऑक्सिजन कमी पडला की ते एरिथ्रोपॉयटीन हे तांबड्या पेशी वाढवायला सांगणारं सायटोकाइन सोडतं (डायलिसिसवाल्यांना ईपीओचं इंजेक्शन देतात तेच), ते रक्तातून सगळीकडे फिरतं पण ऐकू येतं ते ज्या पेशीवर रिसेप्टर (सांगावा पकडणारं प्रोटीन) आहे तिलाच. पोदेर (आपला पाववाला) सकाळी भोंपू वाजवत अख्ख्या वाड्यातून जातो, पण पिशवी घेऊन दारात कोण येतो, ज्याला पाव हवेत तो, तसंच. मग आत जॅक२ नावाचं एन्झाइम जागं होतं, ते स्टॅट५ या प्रोटीनला उठवतं आणि स्टॅट५ केंद्रकात जाऊन जीन्स चालू करतं, जगा-वाढा वाली. आणि मजा म्हणजे त्याच जीन्समधली एक जीन ‘सिस’ नावाचं प्रोटीन बनवते, ते उलट येऊन त्याच रिसेप्टरला चिकटतं आणि सांगाव्याचा आवाज कमी करतं. पाव मिळाले, आता पुरे. म्हणून नियमनच लिहा. नियंत्रण म्हटलं की नुसता ब्रेक डोळ्यासमोर येतो, गर्दीवर नियंत्रण, डासांवर नियंत्रण. इथे वाढवणं पण आहे.

तांबडीमाती: मग आजारात काय होतं?

बायोवाली (पेडणे): सगळ्यात स्वच्छ उदाहरण पॉलिसायथेमिया व्हेराचं. तो ल्युकेमिया नव्हे हां, पण रक्ताच्या कॅन्सरांच्याच गोतावळ्यातला, आणि काहींच्यात पुढे ल्युकेमियाकडे वळतो. त्यात जॅक२ च्या ६१७ व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाच्या (प्रोटीनच्या साखळीतल्या एका मण्याच्या) ऐवजी फेनिलअलॅनिन हे दुसरं येतं, २००५ मध्ये सापडलं हे, ९५ टक्क्यांच्या आसपास पेशंटांत असतं. एवढ्याशा बदलाने पोदेर आलाच नाही, भोंपू वाजलाच नाही तरी हे आपले पिशवी घेऊन दारात. तांबड्या पेशी वाढतच जातात, रक्त दाट होतं, गुठळ्यांची भीती. ब्रेकची जीन असते तिथेच, पण पुरी पडत नाही.

निवृत्त मास्तर: जॅक म्हणजे जेनस ना, दोन तोंडांचा रोमन देव? आधी थट्टेने ‘जस्ट अनदर किनेज’ म्हणायचे म्हणे, ‘आणखी एक किनेज’ (किनेज म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणारं एन्झाइम). बारसं नंतर झालं.

(मूळ प्रश्नवाला) देव बरें करूं सगळ्यांचं. भाचीला वाचून दाखवलं, ती म्हणते मामा पोदेर ठेव पण स्लाइडवर मी सिग्नलिंगच लिहिणार, सर ओरडतील. आता एकच राहिलं, रिसेप्टरला ‘ग्राही’ लिहू की सरळ ‘कान’?

तांबडीमाती: कान लिहा. ग्राही म्हटलं की लोकांना गिऱ्हाईक वाटेल.