पदकाची जुनी पेटी : दुरुस्ती किती करावी?

उघडमीट यांचा प्रश्न

आमच्या घराण्यातील एका पूर्वजाला पहिल्या महायुद्धात मिळालेला मिलिटरी क्रॉस (ब्रिटिश शौर्यपदक) मूळ पेटीसह माझ्याकडे आला आहे. पदक उत्तम स्थितीत आहे, परंतु पेटीची पार रया गेली आहे. बाहेरचे काळपट आवरण कोपऱ्यांवर झिजून आतले लाकूड दिसू लागले असून, पेटी हातात घेतली की बोटांना विटकरी भुकटी लागते. उजवी बिजागरी सुटली आहे. झाकणाच्या आतील पांढरे साटीन घडीवर उभे फाटले आहे, आणि पदक बसवण्याच्या खाचेतील मखमल पदकाच्या आकारात दबून गुळगुळीत झाली आहे. आवरणाला तेल चोळून, कोपऱ्यांना रंग लावून आणि मखमल नवी घालून ही पेटी पूर्ववत करावी असा माझा विचार आहे. कोणते तेल वापरावे आणि मखमल कशाने चिकटवावी, याविषयी मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

बांधणीकार यांचा प्रतिसाद

तेलाचा विचार कृपया आजच सोडून द्यावा. मी जुन्या पुस्तकांची बांधणी दुरुस्त करतो आणि तुम्ही वर्णन केलेली विटकरी भुकटी माझ्या रोजच्या ओळखीची आहे. झाडांच्या सालींच्या अर्कात कमावलेले कातडे हवेतील गंधकाचे वायू शोषून घेते, कालांतराने त्यात आम्ल तयार होते आणि तंतू तुटून त्यांची पूड होऊ लागते. याला रेड रॉट म्हणतात. ही झीज भरून येत नाही. उरलेली पूड जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच आपल्या हातात असते. अशा कातड्याला तेल, बुटाचे पॉलिश किंवा कातड्याचा साबण लावल्यास ते चिकट आणि डागाळ होते. पाण्याचा तर थेंबही लागू देऊ नये, कारण जिथे तो पडतो तिथे कातडे काळे पडून कडक होते आणि तो डाग कायमचा राहतो.

मात्र आधी ते कातडेच आहे का, याची खात्री करून घ्यावी. त्या काळात अनेक पेट्यांवर कातड्यासारखा दिसणारा कागद किंवा रेक्झिनसारखे लेप दिलेले कापडही लावत असत. फाटलेल्या कोपऱ्यावर भिंग धरावे : उभे-आडवे धागे दिसले तर कापड, गुंतलेले तपकिरी तंतू दिसले तर कातडे, आणि फिकट, मऊ लव दिसली तर कागद.

कातडे असेल तर १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम क्लुसेल जी (सेल्युलोजपासून बनवलेला, सुटे तंतू धरून ठेवणारा पदार्थ) ही पूड थोडी थोडी टाकत ढवळावी, मिश्रण झाकून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मऊ कुंचल्याने पातळ हात द्यावा. रंग किंचित गडद होतो, पण बोटांना पूड लागणे थांबते. रेक्झिनसारखा लेप असेल तर अल्कोहोलने तो मऊ पडू शकतो. म्हणून न दिसणाऱ्या जागी आधी करून पाहावे. उघड्या कोपऱ्यांवर थेट रंग न लावता, मिळत्याजुळत्या रंगात रंगवून वाळवलेला जपानी टिश्यू कागद फाडून (कापून नव्हे, कारण फाटलेली कडा नजरेत भरत नाही) त्याच क्लुसेलच्या दाट द्रावणाने बसवावा.

जुना संग्राहक यांचा प्रतिसाद

बांधणीकारांचे कातड्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मला काळजी वाटते ती मखमलीची. दबलेली मखमल हा दोष नाही. ते पदक याच खाचेत वर्षानुवर्षे होते, याचा तोच पुरावा आहे आणि नवी मखमल घालताच तो नाहीसा होतो. मिलिटरी क्रॉस कोणाला मिळाला त्याचे नाव त्या काळी अधिकृतपणे पदकावर कोरत नसत. त्यामुळे तुमच्याकडे पदकाशी जोडलेली जी काही खूण आहे ती जपलेली बरी. मखमलीवर बारीक जाळी धरून अगदी मंद ओढीवर व्हॅक्यूमने धूळ काढावी आणि तिथेच थांबावे. लव उभी करण्यासाठी वाफ देण्याचा मोह होतो. मी एकदा दिली होती : खालचा सरस सुटला आणि सगळी मखमल सुरकुतली.

साटीन घडीवर फाटले आहे यावरून ते बहुधा वजन वाढवलेले रेशीम असावे. रेशमाला भारदस्तपणा यावा म्हणून ते कथिलाच्या क्षारांत बुडवत, आणि त्याच क्षारांमुळे ते पुढे ठिसूळ होऊन चिरते. त्यावर सोनेरी अक्षरे असतील तर तिथे कोणतेही द्रावण लावू नये. वरून पारदर्शक रेशमी जाळी ताणून तिच्या कडा झाकणाच्या काठात दडवाव्यात, म्हणजे फाटलेले धागे लोंबत नाहीत.

आणि पदक त्या पेटीत ठेवू नका. जुने लाकूड आम्लाची वाफ सोडते, आतली लोकर किंवा फेल्ट गंधकाचे वायू सोडते, आणि चांदी त्याने काळवंडते. पदक आम्लरहित कागदात वेगळे ठेवावे. पीव्हीसीचे पाकीट मात्र टाळावे.

उघडमीट

भिंगाखाली गुंतलेले तपकिरी तंतू दिसले, म्हणजे कातडेच आहे. मखमलीचा विचार सोडला. बिजागरीचे बारीक खिळे डबीतच सापडले, पण भोके सैल झाली आहेत; शिवाय पितळेच्या कडेला हिरवा, मेणासारखा थर साचला आहे.

बांधणीकार

तो थर कातड्यातील स्निग्धांश आणि पितळेतील तांबे यांच्या संयोगातून होतो. लाकडी टूथपिकने खरवडून काढावा, पितळेचे पॉलिश लावू नये, कारण ते कातड्यात उतरते. भोकात बांबूची बारीक चिरफळी किंचित सरस लावून बसवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग जुनाच खिळा अंगठ्याने दाबून घालावा; हातोडी वापरल्यास क्लुसेल लावलेल्या कातड्याचेही पोपडे उडतात. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक नको, तो पुढे कोणाला सोडवता येत नाही. सरस ओलाव्याने सुटतो.

उघडमीट

चिरफळी बसवली आहे. खिळा उद्या घालतो.