विषय: शिबिराचे दिवे – आधी कोणते बदलायचे?

नमस्कार मंडळी,

उन्हाळी शिबिरात एलईडी बसवायला इतके हात पुढे आले, फार बरं वाटलं. माझा आग्रह एवढाच, की सरसकट सगळे बल्ब काढू नका. जो दिवा जास्त वेळ जळतो, तो आधी बदला. मुलांच्या खोलीतला ६० वॅटचा बल्ब रोज दीड तास लागला तर ९० वॅट-तास वीज खातो. तेवढ्याच विजेत ९ वॅटचा एलईडी दहा तास चालतो, आणि उजेडही जवळपास तितकाच, ८०० ल्युमेनच्या आसपास. जितके तास दिवा जास्त जळतो, तितकी बचत जास्त, म्हणून स्वच्छतागृहं आणि पायवाटेवरचे रात्रभर चालू असणारे दिवे आधी घेऊ. खोल्यांचं नंतर बघू.

– शिबिर समितीतून

---

दादा, क्रम पटला. पण खरेदी करताना नुसते वॅट बघू नका, खोक्यावरचा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा, आकडाही बघा. ५००० केल्विनचा दिवा पांढराफटक असतो. रात्री उठलेल्या मुलांची झोप त्यानं उडते, शिवाय त्याच्याभोवती किडेही जास्त जमतात. २७०० किंवा त्याहून कमीच घ्या.

पायवाटेचे दिवे खाली तोंड केलेले आणि वरून झाकलेले हवेत. आकाशदर्शनाच्या रात्री डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका उघड्या दिव्यानं ते सगळं वाया जातं. मुलांना आकाशगंगा दिसावी, यासाठी मी याबाबत हट्ट धरणार आहे.

– आकाशदर्शन गटातून

---

ताईंचं म्हणणं अगदी योग्य. माझी काळजी भोजनगृहातल्या ट्यूबलाइटची आहे. काही एलईडी ट्यूब जुन्या चोकवर चालतात, काहींना चोक काढून थेट मेन लाइन द्यावी लागते. दोन्ही दिसायला सारख्याच. वायरिंग बदललेल्या पट्टीत पुढच्या वर्षी कुणी न बघता जुनी ट्यूब लावली तर धोका आहे, म्हणून प्रत्येक पट्टीवर ठळक चिठ्ठी चिकटवायचीच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. स्वयंसेवकांनी फक्त होल्डरमधले बल्ब बदलावेत, तेही स्विच बंद करून आणि जुना बल्ब गार झाल्यावर.

बंद काचेच्या गोळ्यातले दिवेही जपून निवडा. उष्णता कोंडली की एलईडीच्या आतलं सर्किट लवकर जातं. बंद फिटिंगमध्ये चालेल असं खोक्यावर लिहिलेलेच घ्या.

– वीजकाम बघणारा काका

---

काका, ट्यूबचं काम वायरमनवर सोपवतो. निघालेले सीएफएल (वळणदार नळीचे जुने दिवे) कचऱ्यात टाकू नका, त्यांत पारा असतो. मी वेगळ्या खोक्यात गोळा करून संकलन केंद्रात देईन. एखादा फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि व्हॅक्यूम लावू नका, त्यानं पारा हवेत पसरतो. तुकडे जाड कागदानं उचलून झाकणाच्या बरणीत ठेवा.

कुठले दिवे रात्रभर चालू असतात, त्याची यादी गेल्या वर्षीच्या गटप्रमुखांनी पाठवावी. ती आली की खरेदी करू.

– शिबिर समितीतून