ग्राफिक डिझाइनसाठी पोर्टफोलिओ : चाळीस व्यक्तिचित्रे ठेवावीत की काढून टाकावीत?

रेघोटी, कराड

नमस्कार. मी बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे आणि पुढे ग्राफिक डिझाइनचे पदवी शिक्षण घेण्याचे ठरवले आहे. ज्या दोन-तीन खासगी संस्थांचे अर्ज मी भरणार आहे, त्या मुलाखतीच्या वेळी पोर्टफोलिओ (स्वतःच्या निवडक कामांचा संग्रह) मागतात. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत मला 'अ' श्रेणी आहे. माझ्याकडे पेन्सिल शेडिंगची सुमारे चाळीस व्यक्तिचित्रे आहेत (बहुतेक नट-नट्यांची आणि क्रिकेटपटूंची, मोबाइलवरील छायाचित्रे पाहून काढलेली), त्याशिवाय वारली शैलीत रंगवलेली मडकी, रांगोळ्यांची छायाचित्रे आणि शाळेच्या भित्तिपत्रकाची काही शीर्षके आहेत. आमच्या गल्लीतील गणेश मंडळाचे वर्गणीचे पावतीपुस्तकही मी गेल्या वर्षी नव्याने करून दिले होते, पण ते चित्र नसल्यामुळे त्यात घेण्यासारखे आहे असे वाटत नाही. व्यक्तिचित्रांपैकी किती ठेवावीत? लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर नसल्यामुळे माझा अर्ज कमकुवत ठरेल का? घरी याविषयी माहिती असलेले कोणी नाही, म्हणून सविस्तर विचारत आहे.

निवृत्त कलाशिक्षक

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची असल्याने एकेरी लिहितो, राग नसावा. प्रथम एक घोटाळा दूर करतो, कारण दरवर्षी अनेक मुले त्यात अडकतात. राज्यातील उपयोजित कलेच्या (ज्यात ग्राफिक डिझाइन येते) पदवीचे प्रवेश बराच काळ सीईटीच्या गुणांवर होत आले आहेत आणि तिथे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र समोर बसून काढावे लागते. आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीड या डिझाइन पदवीच्या प्रवेशपरीक्षेतही संगणकावरील प्रश्नांखेरीज हाताने रेखाटन करण्याचा भाग असतो. म्हणजे या मार्गांनी जाणाऱ्याला आधी हात चालवण्याचा सराव लागतो, आणि घरी तयार केलेले बाड कितीही देखणे असले तरी त्या खोलीत त्याचा उपयोग नसतो. तू ज्या संस्थांविषयी लिहितेस त्या पोर्टफोलिओ मागतात हे खरे, तरीही प्रत्येकीची यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, कारण किती कामे हवीत आणि ती कागदावर की पीडीएफ स्वरूपात, याचे नियम सगळीकडे सारखे नसतात.

व्यक्तिचित्रांबद्दल स्पष्ट लिहितो. छायाचित्रावरून शेडिंग करताना प्रकाश, कोन आणि चौकट हे तिन्ही निर्णय छायाचित्रकाराने आधीच घेतलेले असतात, त्यामुळे पाहणाऱ्याला तुझी चिकाटी दिसते, नजर दिसत नाही. चाळीसपैकी उत्तम दोन ठेव आणि उरलेल्या जागी समोर पाहून काढलेली रेखाटने घाल. मंडईत भाजी निवडणाऱ्या बाया, प्रीतिसंगमावर बसलेली माणसे, स्वयंपाकघरातील ओटा, असे काहीही चालेल. रेघ चुकली तर खोडू नकोस. श्रेणींची प्रमाणपत्रे शेवटी जोड, पण त्यांच्यावर विसंबून राहू नकोस.

छापखान्याशेजारी

सरांच्या म्हणण्याशी बहुतांशी सहमत आहे. मी पुण्यात गेली बारा वर्षे ग्राफिक डिझाइनचाच व्यवसाय करतो, आणि तुमच्या प्रश्नातील जे वाक्य तुम्ही जवळजवळ माफी मागत लिहिले आहे, त्याच्याशीच मी थांबलो. पावतीपुस्तक हेच तुमच्या संग्रहातील खरे ग्राफिक डिझाइन आहे. जुनी पावती कशी होती, तुम्ही त्यात काय बदलले आणि का बदलले, हे कृपया इथे लिहावे.

रेघोटी, कराड

जुन्या पावतीवर गणपतीचे छायाचित्र आणि मंडळाचे नाव यांनीच अर्धी जागा व्यापली होती, त्यामुळे 'अक्षरी रुपये' या ओळीत रक्कम मावत नसे आणि लिहिणारा ती खालच्या सहीवर नेत असे. शिवाय क्रमांक फक्त पावतीवर होता, स्थळप्रतीवर हाताने घालावा लागे, आणि हिशेबाच्या वेळी त्यावरून वाद होत. मी छायाचित्र काढून एक लहान रेखाकृती घेतली, अक्षरी रकमेची ओळ पूर्ण रुंदीची केली, क्रमांक दोन्हीकडे छापायला सांगितला आणि चार रंगांऐवजी एकच शेंदरी रंग ठेवला. मांडणी वहीत पट्टीने आखून दिली होती, संगणकावर ती छापखान्यातील काकांनी केली.

छापखान्याशेजारी

यातच तुमच्या लॅपटॉपच्या प्रश्नाचे उत्तर आहे. वहीत आखलेली पाने असतील तर ती जशीच्या तशी, डागांसकट, पोर्टफोलिओत लावा. एका पानावर जुनी पावती, त्यानंतर तुमचे कच्चे आराखडे, मग छापलेली नवी पावती, आणि शक्य असल्यास कार्यकर्त्याने प्रत्यक्ष भरलेली एक पावती, देणगीदाराचे नाव झाकून. संगणकावरचे काम काकांनी केले हे तिथेच एका ओळीत नोंदवा, कारण या व्यवसायात कोणी काय केले हे लिहिणे ही साधी रीत आहे आणि न लिहिलेले पुढे अंगाशी येते.

अशा प्रकारचे आणखी एक काम तुम्हांला कराडमध्येच मिळेल. एसटी स्थानकावर तासभर थांबून चौकशीच्या खिडकीत लोक काय विचारतात ते मोजा. वेळापत्रक समोर असूनही तेच प्रश्न पुन्हापुन्हा येत असतील, तर त्या फलकात काय सापडत नाही ते शोधा. गाड्या सुटण्याच्या वेळेनुसार लावायच्या की गावांच्या नावानुसार, 'मार्गे' हा रकाना कुठे हवा, बारा फुटांवरून वाचता येण्यासाठी अक्षर केवढे लागेल, हे सगळे कागदावर करून पाहता येते.

भित्तिपत्रकाची शीर्षके मात्र मुळीच वगळू नका, आणि ती देवनागरीतच राहू द्या. पोर्टफोलिओ इंग्रजी अक्षरांनी भरण्याची सवय मला अनाकलनीय वाटते. मराठी नाटकांची शीर्षके करणारे कमल शेडगे किंवा विंडोजसाठी मंगल फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी यांचे काम पाहा, म्हणजे शिरोरेषा, रफार आणि उकार यांच्याशी किती तऱ्हांनी वागता येते ते कळेल. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने दोन ओळींतील अंतर रोमन मजकुरापेक्षा मोकळे ठेवावे लागते, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. पुढे संगणक मिळाला तर इंकस्केप आणि क्रिता ही चित्रे व मांडणी करण्याची सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत, आणि एकटाइप या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्टही मोफत वापरता येतात. अडोबीच्या काही प्रणालींत दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडलेला नसेल तर वेलांटी भलत्याच जागी पडते आणि जोडाक्षरे तुटतात. अशी तुटलेली अक्षरे मी छापून आलेल्या लग्नपत्रिकांवरसुद्धा पाहिली आहेत.

दुसरे वर्ष

माझा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माझ्या मुलाखतीत परीक्षकांनी तीस पाने मिनिटभरात चाळली आणि एका पोस्टरवर थांबून 'हा निळा का?' एवढेच विचारले. मला आवडला म्हणून घेतला होता, आणि त्यापलीकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. शेवटी त्यांनी दप्तरातील रेखाटनवही मागितली व उरलेला सगळा वेळ तिच्यावरच बोलले. प्रवेश मिळाला, पण त्या संस्थेत मिळाला नाही. म्हणून बारा-पंधरा कामेच घ्यावीत आणि प्रत्येकाविषयी दोन मिनिटे बोलता येईल अशीच घ्यावीत. वारली मडक्यांबाबत एक शंका आहे : आकृत्या इतर ठिकाणांहून उतरवल्या असतील तर ती टाळलेली बरी.

निवृत्त कलाशिक्षक

मडक्यांविषयी मी जरा वेगळे म्हणेन. वारली ही पालघर-डहाणू भागातील आदिवासी समाजाची चित्रपरंपरा आहे, तिचा उल्लेख करून, शिकण्यासाठी काढले असे लिहिले तर एक मडके ठेवायला हरकत नाही. 'माझी शैली' असे मात्र लिहू नये.

रेघोटी, कराड

सर्वांचे मनापासून आभार. मडक्यांच्या आकृत्या मी एका दिनदर्शिकेवरून उतरवल्या होत्या, म्हणून ती काढून टाकते. पावतीपुस्तकाच्या वहीची पाने सापडली आहेत, फक्त एका पानावर चहा सांडला आहे. एक शेवटचा प्रश्न : रांगोळ्यांची आणि वहीच्या पानांची छायाचित्रे मोबाइलने काढताना पिवळट येतात आणि कडा वाकड्या दिसतात, त्यावर उपाय काय?

छापखान्याशेजारी

वहीचे पान सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीजवळ जमिनीवर ठेवा, थेट ऊन नको, खोलीतील दिवा आणि फ्लॅश दोन्ही बंद ठेवा. मोबाइल बरोबर वर, पानाला समांतर धरा, थोडे दूर उभे राहून झूम करा आणि नंतर कडा कापा. पिवळटपणा बहुधा घरातल्या बल्बमुळे येतो. रांगोळीसाठी स्टुलावर उभे राहावे लागेल, तेव्हा स्टूल कोणाला तरी धरायला सांगा. चहा सांडलेले वहीचे पान पुन्हा काढत बसू नका.