पाठीवर सामान घेऊन पहिली डोंगरयात्रा: ओझे किती असावे?

प्रश्न:
मी आजवर एका दिवसात परतण्याजोग्याच डोंगरवाटा चाललो आहे. आता अनुभवी गटासोबत पाच दिवसांच्या, ३,००० मीटरहून उंच जाणाऱ्या यात्रेला निघायचे आहे. माझ्यामुळे गटाची गती मंदावेल, ही भीती मनातून जात नाही. सामान किती घ्यावे?

उत्तर १:
भरलेल्या पिशवीचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत ठेवावे, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीने १२ किलोंपर्यंत. जड वस्तू पाठीलगत, मध्यभागी ठेवाव्यात आणि कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बांधावा, कारण बहुतांश भार खांद्यांनी नव्हे, तर कमरेने पेलायचा असतो. निघण्यापूर्वी हीच भरलेली पिशवी घेऊन दोन-तीनदा चालून पाहावे. पादत्राणे मात्र नवी कोरी नकोत.

उत्तर २:
गतीपेक्षा मला डोंगराच्या उंचीची, म्हणजे तिथल्या विरळ हवेने होणाऱ्या त्रासाची, अधिक काळजी वाटते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोके दुखून मळमळू लागले, तर संकोच न करता सोबत्यांना लगेच सांगावे. मी पहिल्या वेळी ते लपवले आणि सर्वांनाच रात्री खाली उतरावे लागले.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. विश्रांतीच्या दिवसाबद्दल गटप्रमुखांशी आजच बोलतो.