मदत हवी आहे : ॲक्सोलॉटल आणि चिंचिला यांची तुलना कोणत्या निकषांवर करावी?

नमस्कार. नागपूरच्या एका शाळेतील नववीच्या विद्यार्थिनींना मी विज्ञान प्रदर्शनासाठी मार्गदर्शन करीत आहे. मेक्सिकोतील सोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा ॲक्सोलॉटल हा सॅलॅमँडर (शेपटी असलेला उभयचर प्राणी) आणि चिलीतील खडकाळ डोंगरउतारांवरचा लांब शेपटीचा चिंचिला हा कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा) प्राणी, अशी जोडी त्यांनी निवडली आहे. निवड नेमकी आहे, कारण दोघेही माणसाच्या ताब्यात भरपूर आणि निसर्गात मात्र नावापुरते उरले आहेत.

ॲक्सोलॉटलचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो आणि पिसांसारखे कल्ले आयुष्यभर डोक्याबाहेर राहतात. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा त्याला वाढवतात. सोचिमिल्कोत मात्र १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेली त्याची संख्या २०१४ पर्यंत ३६ च्या आसपास आली. प्रदूषित पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले तिलापिया व कार्प मासे ही त्याची मुख्य कारणे. चिंचिलाचे दुखणे वेगळे : केसाच्या एकाच मुळातून पन्नासहून अधिक तंतू निघत असल्याने त्याची फर विलक्षण दाट असते, आणि तिच्यापायी शिकाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर रिकामे केले.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत पहिला अतिसंकटग्रस्त आणि दुसरा संकटग्रस्त आहे; पण तेवढ्यावर तक्ता उभारणे मला अपुरे वाटते. अधिवासाचा ऱ्हास आणि शिकार यांची तुलना एकाच मापाने करता येईल का, आणि बंदिवासातील प्राण्यांची संख्या वेगळ्या रकान्यात दाखवणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल का, हे प्राणिशास्त्राच्या जाणकारांनी कृपया सांगावे. नागपुरातील कोणी विद्यार्थिनींशी प्रत्यक्ष बोलू शकत असल्यास तेही कळवावे.