कानात सतत शिट्टी वाजते, सरकारी उपचार कुठे मिळतील?

बाबांना (वय ६३, कळव्यात राहतो) दीड वर्षापासून डाव्या कानात कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री तर झोपच नाही. प्रायव्हेटमध्ये एका डॉक्टरने टिनिटस (बाहेर आवाज नसताना कानात आवाज येणं) सांगितलं आणि कानाच्या मशीनचा जो आकडा सांगितला तो ऐकून माझ्याच कानात शिट्टी वाजली. जनआरोग्य योजनेत बसेल का हे?

घोडबंदरवाला: योजनेच्या नादी लागू नका, ती मुख्यतः अ‍ॅडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, ५ लाखांचं कव्हर असलं तरी ओपीडी, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), मशीन असल्या गोष्टींना उपयोग नाही. आधी कळव्याच्या शिवाजी हॉस्पिटलला ईएनटी ओपीडीत दाखवा, घराजवळच आहे. कधीकधी नुसता मळ असतो हो! पण आवाज नाडीच्या ठोक्यासारखा धकधक येत असेल किंवा अचानक ऐकू येणं कमी झालं असेल तर थांबू नका, लगेच जा.

वाशीची_ताई: वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे कानाच्या तपासण्या आणि मशीन दोन्ही होतं. ‘अ‍ॅडिप’ या अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून मशीन फुकट मिळू शकतं, उत्पन्न महिना २२,५०० पर्यंत हवं आणि ४० टक्क्यांचं अपंगत्व सर्टिफिकेट. गोची अशी की २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात टिनिटस नाहीच, बहिरेपणा मोजतात आणि तोही दोन्ही कानांचा, म्हणजे आवाजाने जीव नकोसा झाला तरी कागदावर माणूस ठणठणीत.

कळवेकर (प्रश्नकर्ता): उजवा कान एकदम शाबूत आहे त्यांचा, म्हणजे सर्टिफिकेट गेलंच. सोमवारी केसपेपर काढतो. तोवर रात्री काय करू?

वाशीची_ताई: पंखा फुल ठेवा नाहीतर रेडिओ बारीक आवाजात, एकदम शांतता नको. माझ्या सासऱ्यांना त्यानेच झोप लागते.